काचबिंदू: चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नाही

रानजाई

चष्म्याचा नंबर काढणं आणि डोळे तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुख्यतः एवढंच सांगायला हा धागा काढते आहे.

आमच्या दादाला काचबिंदू निघाला. त्याला त्रास म्हणावा असा काही नव्हता. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, डोळे लाल होत नव्हते. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ तो दोन्ही डोळ्यांनी घडाघडा वाचायचा. नंबर मात्र नेमाने तपासून घ्यायचा, त्यामुळे आपण डोळ्यांची काळजी घेतोय असंच त्याला वाटत होतं. या खेपेला नंबर काढणाऱ्या बाईंनी थेंब घालून बाहुली मोठी केली, आत बघितलं आणि म्हणाल्या, "नस संशयास्पद वाटतेय, काचबिंदूच्या तज्ज्ञांकडे एकदा जाऊन या."

मग त्याची फील्ड टेस्ट झाली. ज्यांनी ती कधी केली नाही त्यांच्यासाठी सांगते. एका अर्धगोल यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसायचं. एक डोळा झाकलेला असतो. उघड्या डोळ्याने समोरच्या दिव्याकडे टक लावून बघायचं आणि आजूबाजूला कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. काही ठिपके ठळक असतात, काही इतके फिके की दिसला की भास झाला ते कळू नये. दादा बाहेर येऊन म्हणाला, "मध्ये बराच वेळ काहीच चमकत नव्हतं, मला वाटलं यंत्र बंद पडलं." यंत्र व्यवस्थित चालू होतं. त्या वेळात ठिपके डाव्या डोळ्याच्या वरच्या, नाकाकडच्या भागात येत होते. छापून आलेल्या कागदावर नेमक्या त्याच भागात काळा पट्टा होता.

तो पट्टा दादाला स्वतःला कधीच काळा दिसला नव्हता. दिसत नसलेला भाग मेंदू आजूबाजूच्या चित्रावरून भरून काढतो, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकून नेतो. त्यामुळे माणसाला आपलं काही हरवलंय हेच कळत नाही. तक्ता वाचताना आपण मधली, नेमकी नजर वापरतो आणि काचबिंदूत ती बहुधा शेवटपर्यंत टिकते. जातं ते कडेचं.

आता थोडं यंत्रणेबद्दल, जेवढं मला समजलं तेवढं. डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो, मिनिटाला साधारण २ ते ३ मायक्रोलिटर. अश्रूंशी याचा काही संबंध नाही, हा आतल्या आतच फिरतो. बाहुलीतून पुढे येतो आणि कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) व बुबुळाचा रंगीत पडदा जिथे मिळतात त्या कोनातल्या जाळीतून निचरून जातो. दीड-दोन तासांत जवळजवळ सगळा द्रव बदलतो. मोरीची जाळी तुंबली की पाणी साचतं तसा इथला निचरा मंदावला की डोळ्यातला दाब वाढतो. त्याचा मार बसतो मागच्या नसेला. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या या नसेत १० ते १२ लाख तंतू असतात. मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. म्हणजे उपचाराने गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते. मोतीबिंदूशी इथे गल्लत करू नका. त्यात ऑपरेशनने नजर परत मिळते, म्हणून थोडं थांबलं तरी बहुधा चालतं. इथे थांबणं म्हणजे गमावणं.

कुणाला अनुभव असतील, माहिती असेल तर जरूर लिहा. आम्हा भावंडांच्या तपासण्या आता सुरू आहेत.

---

अबोली

वाचनखूण साठवली. दादांना शुभेच्छा.

एक शंका. माझा डोळ्यांचा दाब मागच्या वर्षी तपासला होता, हवेचा झोत सोडतात त्या यंत्रावर. १६ आला. म्हणजे मी निश्चिंत राहायला हरकत नाही ना?

---

तपासनीस

अबोली, हा प्रश्न विचारलात ते फार बरं झालं. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. काचबिंदूच्या विभागात याच तपासण्या रोज करतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

१६ हा आकडा चांगला आहे, पण त्याच्यावर एकट्यावर विसंबून राहू नका. दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा या दरम्यान असतो. पण २१ च्या खाली राहूनही नस खराब होत जाणारे बरेच रुग्ण असतात. त्याला नॉर्मल टेन्शन ग्लॉकोमा म्हणतात. म्हणजे तो दाब इतरांना चालणारा असतो, त्या माणसाच्या नसेला झेपणारा नसतो. काचबिंदूची व्याख्या दाबावरून होत नाही, नसेच्या झिजेवरून होते. दाब हे जोखमीचं सगळ्यात मोठं कारण आहे, आणि आपल्याला कमी करता येतं असं आजघडीला तेच एक आहे.

दुसरं, दाब दिवसभर सारखा राहत नाही. बऱ्याच जणांचा पहाटे आणि आडवं झाल्यावर जास्त असतो, आणि आपण मोजतो दुपारी, खुर्चीत ताठ बसवून.

तिसरं म्हणजे कॉर्नियाची जाडी. सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. कॉर्निया पातळ असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतं, जाड असेल तर जास्त. चष्मा घालवण्यासाठी लेसर करून घेतलेल्यांनी हे कायम लक्षात ठेवावं, कारण त्यात कॉर्निया पातळ केलेला असतो. पुढे आयुष्यभर दाब तपासताना आधी सांगा की लेसर झालंय. लेसरच्या आधीचे कागद मिळाले तर जपून ठेवा.

पूर्ण तपासणी म्हणजे काय ते सांगतो. दाब, शक्यतो डोळ्याला सुन्न करणारा थेंब घालून निळ्या प्रकाशात मोजलेला. कॉर्नियाची जाडी. डोळ्यावर आरशाची छोटी भिंग टेकवून केलेली गोनिओस्कोपी, म्हणजे निचऱ्याचा कोन उघडा आहे की चिंचोळा ते कळतं. ही तपासणी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते आणि ती राहिली तर काचबिंदू कुठल्या जातीचा हेच ठरत नाही. बाहुली मोठी करून बघितलेली नस. संशय वाटला तर फील्ड टेस्ट आणि ओसीटी, म्हणजे नसेच्या तंतूंच्या थराची जाडी मोजणारं स्कॅन.

यातलं एकच काही करता येणार असेल तर मी नस बघा म्हणेन. नसेच्या मध्यभागी एक खळगा असतो, त्याला कप म्हणतात. तंतू मरत गेले की खळगा मोठा होत जातो आणि कडेची गुलाबी कड पातळ होते. जाणत्या नजरेला हे दिसतं.

---

खडूफळा

धागा चांगला आहे, पण थोडं वेगळं मत मांडतो.

मला उणे ९ चा नंबर आहे. एका ठिकाणी ओसीटी केली, अहवालात लालच लाल. "काचबिंदूची सुरुवात आहे" असं सांगून त्याच दिवशी थेंब सुरू केले. त्या महिन्यात मी नीट झोपलो नाही. नंतर दुसऱ्या तज्ज्ञांनी फील्ड टेस्ट केली, नस स्वतः बघितली आणि सांगितलं की तुमचा डोळा लांबट आहे, यंत्र तुमची तुलना सर्वसाधारण डोळ्यांशी करतंय म्हणून लाल दाखवतंय. थेंब बंद केले. आता दर वर्षी तपासतात, बदल काहीच नाही.

म्हणून म्हणतो, "सगळ्या तपासण्या करा" असं सरसकट सांगितलं की लोक घाबरून यंत्रांच्या मागे लागतात.

---

तपासनीस

खडूफळा, तुमचं अगदी बरोबर आहे. मोठ्या उणे नंबरवाल्यांच्या बाबतीत हे नेहमी घडतं. लाल-हिरव्या रंगावर निदान करायचं नसतं. पण दुसरी बाजूही सांगतो: मोठा उणे नंबर ही स्वतःच काचबिंदूची जोखीम आहे. तेव्हा दर वर्षी तपासून घेताय ते मुळीच सोडू नका.

दाब जास्त पण नस धडधाकट अशांचंही तसंच. त्यांच्यावर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये निष्कर्ष आले. ५ वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के. म्हणजे थेंबांनी धोका निम्म्याहून कमी झाला हे खरं, आणि थेंब न घेताही १० पैकी ९ जणांना त्या काळात काही झालं नाही हेही खरं. कुणाला थेंब द्यायचे आणि कुणावर नुसतं लक्ष ठेवायचं, हे वय, कॉर्नियाची जाडी, नसेचा आकार, घरातला इतिहास असं सगळं बघून ठरतं. पहिल्याच भेटीत कुणी औषध सुरू केलं आणि शंका वाटली तर दुसरं मत घ्या. पण दुसरं मत मिळेपर्यंत थेंब आपल्या मनाने बंद करू नका.

---

सांजवात

वर सगळं चोरपावलांनी येणाऱ्या काचबिंदूबद्दल आहे. अचानक येतो तो प्रकार मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिलाय, म्हणून लिहिते.

संध्याकाळी तिचं डोकं दुखायला लागलं, उजव्या भुवईच्या वर. मग उलट्या. आम्हाला वाटलं पित्त झालं. रात्री इतकं वाढलं की दवाखान्यात नेलं. तिथे अर्धशिशी समजून इंजेक्शन दिलं, उलटीचं औषध दिलं आणि घरी पाठवलं. पहाटे ती म्हणाली की दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत आणि उजव्या डोळ्याने धुरकट दिसतंय. तेव्हा प्रथमच मी तिच्या डोळ्यात बॅटरी मारून बघितलं. डोळा लालभडक, बाहुली अर्धवट मोठी होऊन तशीच थिजलेली, उजेडाने लहानच होत नव्हती. तडक नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. दाब ५८ होता.

शिरेतून औषध, गोळ्या, थेंब असं करत दाब उतरवला, मग लेसरने बुबुळाच्या पडद्याला बारीक छिद्र पाडलं. दुसऱ्या, चांगल्या डोळ्यालाही पाडलं, कारण रचना दोन्हींची सारखीच असते. उजव्या डोळ्याची नजर थोडी कमी झाली ती झालीच.

नंतर समजलं की आईला अधिक (प्लस) नंबरचा चष्मा आहे, अशा लोकांचे डोळे आकाराने लहान आणि कोन चिंचोळा असण्याची शक्यता जास्त. त्याआधी वर्षभर तिला अधूनमधून संध्याकाळी कमी उजेडात डोळा जड वाटायचा, दिव्यांभोवती कडी दिसायची, आणि झोपून उठली की बरं वाटायचं. ते छोटे झटकेच होते.

कृपा करून लक्षात ठेवा: डोकेदुखी आणि उलट्यांसोबत डोळा लाल असेल किंवा धूसर दिसत असेल तर सकाळची वाट बघू नका. समोरच्या डॉक्टरांना तुम्ही स्वतः म्हणा, "डोळ्याचा दाब बघा."

---

रानजाई

सांजवात, वाचून गलबलून आलं. काकूंना नमस्कार सांगा. हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

---

तपासनीस

सांजवात यांनी प्रत्येक लक्षण अचूक लिहिलंय. भर एवढीच घालतो: आशियाई वंशाच्या लोकांमध्ये हा बंद कोनाचा प्रकार तुलनेने जास्त आढळतो. सर्दीची, मळमळीची, नैराश्याची काही औषधं बाहुली मोठी करतात आणि चिंचोळ्या कोनाच्या डोळ्यात झटका आणू शकतात. "काचबिंदू असल्यास घेऊ नये" असं औषधाच्या वेष्टणावर लिहिलेलं असतं ते मुख्यतः या प्रकाराबद्दल असतं. उघड्या कोनाच्या रुग्णांनी ते वाचून घाबरून गरजेचं औषध टाळू नये, डॉक्टरांना आपला प्रकार कोणता ते विचारून घ्यावं. म्हणूनच वर गोनिओस्कोपीचा आग्रह धरला.

---

वाटाड्या

मी बरीच वर्षं थेंब घालतोय. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आहे आणि अजून वाचतोय, लिहितोय, हिंडतोय. रानजाई, दादांना हे मुद्दाम सांगा. निदान झालं की माणूस आंधळेपणाच्या विचारानेच अर्धा होतो. वेळेत सापडलेला आणि नीट सांभाळलेला काचबिंदू घेऊन बहुतेक लोक शेवटपर्यंत कामापुरती नजर राखून असतात.

खरी अडचण वेगळी आहे. थेंब घालून काहीच बरं वाटत नाही. ताप उतरतो तसं काही उतरत नाही, दुखणं मुळात नव्हतंच. उलट डोळे लाल होतात, चुरचुरतात. म्हणून लोक थेंब सोडून देतात, आणि सोडल्यावरही लगेच काही जाणवत नाही. मला डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली होती ती पटली: दाब १ मिलिमीटरने उतरला तरी आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो. तेवढ्यासाठी रोज रात्री बाटली उचलतो.

थेंब घालायची पद्धत नीट शिकून घ्या. हात धुवा. मान मागे, खालची पापणी बोटाने हलकेच ओढली की खाच तयार होते, त्यात एकच थेंब. बाटलीचं टोक पापणीला लागता कामा नये. मग डोळा मिटायचा आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरायचं. तिथून औषध नाकात, घशात आणि पुढे रक्तात उतरतं, ते दाबल्याने अडतं. डोळे मिचकावत बसायचं नाही. दुसऱ्या औषधाचा थेंब किमान पाच मिनिटांनी, नाहीतर पहिला वाहून जातो. दोन थेंब घातले म्हणजे जास्त गुण येतो असं नाही, डोळ्यात एकसुद्धा पुरता मावत नाही. हात थरथरत असतील तर आडवं पडून घाला किंवा घरच्यांना सांगा.

त्रासांचं म्हणाल तर मला लॅटॅनोप्रोस्टने पापण्यांचे केस लांब झाले आणि डोळ्यांभोवती काळसर झालं. ते निरुपद्रवी आहे. पण टिमोलॉलबद्दल सावध राहा. थेंब डोळ्यात घालतो म्हणून तो डोळ्यापुरता असं समजू नका. दमा असेल किंवा नाडीचे ठोके मुळात कमी असतील तर तो धोकादायक ठरू शकतो. नेत्रतज्ज्ञांना दम्याबद्दल सांगा, आणि दम्याच्या डॉक्टरांना थेंबांबद्दल.

---

गणितवेडा

माहितीपूर्ण चर्चा. थेंबांऐवजी लेसर करून मोकळं होता येतं असं ऐकलं, खरं का? आणि शीर्षासन करू नये म्हणतात ते?

---

तपासनीस

लेसरचं बऱ्याच अंशी खरं आहे, उघड्या कोनाच्या प्रकारात. एसएलटी नावाचं लेसर निचऱ्याच्या जाळीवर करतात, काही मिनिटांचं काम असतं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, त्यात लेसरने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोकांना ३ वर्षांनंतरही थेंबांशिवाय ठरवलेला दाब राखता आला. म्हणून आता निदान झाल्या झाल्या हाही पर्याय पुढे ठेवतात. पण मोकळं होणं नव्हे. परिणाम काही वर्षांत ओसरू शकतो, पुन्हा करावं लागतं, आणि तपासण्या चालूच राहतात. थेंब आणि लेसर दोन्ही पुरे पडले नाहीत तर ऑपरेशन.

शीर्षासनात डोळ्यांचा दाब साधारण दुप्पट होतो, हे मोजलेलं आहे. काचबिंदू असेल तर डोकं खाली करायची आसनं सोडा. चालणं, पोहणं, नेहमीचा व्यायाम चांगलाच. डोळे गरगर फिरवण्याच्या व्यायामांनी काचबिंदू बरा होत नाही.

---

मनमोकळी

माझ्या मुलाला डोळ्यांची ॲलर्जी आहे, सतत चोळतो. एका डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांनी लगेच आराम पडला, म्हणून खाज आली की तीच बाटली आणून घालतो. बरेच महिने झाले. सहज नाव वाचलं तर त्यात डेक्सामेथासोन आहे. या धाग्याशी संबंध आहे का? काळजी वाटतेय.

---

तपासनीस

आहे, आणि थेट आहे. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे. साधारण एक तृतीयांश लोकांमध्ये स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे घातले की दाब वाढतो, काहींचा बराच. मुलांमध्ये तो लवकर आणि जास्त वाढू शकतो. मूल तक्रार करत नाही, कारण खाज थांबलेली असते आणि दिसत नीटच असतं. याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे न्या, बाटली सोबत न्या, किती महिने घातलं ते सांगा आणि दाब व नस दोन्ही बघायला सांगा. ॲलर्जीसाठी स्टेरॉइड नसलेले थेंब असतात. आणि त्यांनी लिहून दिलेल्या मुदतीपलीकडे कुठलाही थेंब परत आणून घालू नका.

डोळ्यांभोवती लावायची मलमं, दम्याचे पंप, सांधेदुखीच्या गोळ्या यांतही स्टेरॉइड असू शकतं. ते घेणाऱ्या मोठ्यांनीही दाब तपासत राहावा. पंप बंद करायचा नाही, फक्त तपासायचं.

---

मनमोकळी

आजच वेळ घेते. खूप आभार.

---

अबोली

म्हणजे मला फक्त दाबावर न थांबता एकदा नस दाखवून यायला हवं. किती वर्षांनी तपासायचं याचा काही नियम आहे का?

---

रानजाई

आमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं: काही त्रास नसला तरी चाळिशीला एकदा पूर्ण तपासणी. नंतर ५५ पर्यंत दर २ ते ४ वर्षांनी, ६५ पर्यंत १ ते ३ वर्षांनी, पुढे दर वर्ष-दोन वर्षांनी. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीची वाट बघायची नाही, कारण त्यांच्यात धोका अनेक पटींनी जास्त असतो. मोठा नंबर, डोळ्याला जुना मार, मधुमेह, स्टेरॉइड, यांपैकी काही असेल तरी लवकर.

आमच्या घरात हेच पटवणं जड गेलं. ताईचं म्हणणं, "मला स्वच्छ दिसतंय, मग कशाला?" तिला दादाचा फील्ड टेस्टचा कागद दाखवला, आणि त्याच दिवशीचा तक्त्याचा आकडाही दाखवला, ६/६. मग गेली. तिचा दाब ठीक आहे, पण एका नसेचा कप मोठा आहे. सध्या औषध नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय आणि नसेचा फोटो काढून ठेवलाय, म्हणजे पुढे तुलना करता येईल.

---

तपासनीस

तो फोटो आणि पहिली फील्ड टेस्ट ताईंना स्वतःजवळ ठेवायला सांगा. एका कागदावरून फार थोडं कळतं. पहिली फील्ड टेस्ट बऱ्याच जणांची बिघडते, कारण सवय नसते. दोन-तीन झाल्या की खरं चित्र दिसतं. गाव बदललं, डॉक्टर बदलले की लोक जुने कागद टाकून देतात आणि नव्या डॉक्टरांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बदल होतोय की नाही हे सांगायला त्यांच्याकडे काही उरत नाही.

---

गणितवेडा

वाटाड्या, शेवटचा प्रश्न. रात्रीचा थेंब घालायचा राहून गेला तर सकाळी दोन घालायचे का?

---

वाटाड्या

नाही. आठवेल तेव्हा एक घाला आणि त्या रात्रीचा नेहमीच्या वेळी. पुढचीच वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्या. आणि तपासणीला जाताना राहून गेलेल्या रात्री प्रामाणिकपणे सांगा, नाहीतर डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडत नाही आणि ते आणखी एक बाटली वाढवतात. तपासणीच्या दिवशीसुद्धा थेंब नेहमीसारखेच घालून जायचे, मुद्दाम सांगितलं नसेल तर.